पहिली भाकरी

वेणूनं सकाळी फ्रीज उघडला आणि कोणी ओरडलं नाही. कोथिंबिरीची जुडी हातात धरून ती तशीच उभी राहिली. फ्रीजमधला गारवा पोटऱ्यांना लागत होता, खालून स्टील मार्केटकडे वळणाऱ्या ट्रेलरची घरघर येत होती, बाथरूममध्ये नवरा, महादेव, घसा खाकरत होता. सगळं रोजचंच होतं, फक्त हॉलच्या कोपऱ्यातली ती शिट्टी तेवढी आली नव्हती. तिनं दार लावलं आणि पुन्हा उघडलं, या वेळी मुद्दाम जोरात, रबर चपकन सुटल्याचा आवाज होईल असं. तरी काही नाही. गेलं वर्षभर या घरात फ्रीज उघडला की नातीचा गिनीपिग ओरडायचा. एवढासा जीव, पण आवाज असा की नव्या माणसाला वाटावं, शेजारच्या घरात कुकर लागलाय. फ्रीज वेणूनं उघडलेला असो, सुनेनं, नाहीतर आपली साखर विसरून कालचा शिरा शोधणाऱ्या महादेवानं, त्याला भेदभाव नव्हता. प्लास्टिकची पिशवी कुरकुरली तरी तो पिंजऱ्याच्या गजांवर पुढचे दोन पाय टेकून उभा राहायचा आणि आपल्याला आजवर कोणी काही दिलंच नाही अशा थाटात किंचाळायचा. नातीनं, पूर्वीनं, त्याचं नाव ठेवलं होतं बटाटा. वेणूला ते ऐकून हसू आलं होतं. जनावराला भाजीचं नाव कोणी ठेवतं का? पण वर्षभरात तो खरंच बटाट्यासारखा झाला होता, गोल, मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं ते कळू नये असा, आणि त्याचं श्रेय वेणूला मनातल्या मनात सुखवायचं.

ती गुडघ्यांवर हात रोवत पिंजऱ्यापाशी खाली बसली. बटाटा मागच्या कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसला होता, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. तिनं कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली, तर त्यानं तोंड फिरवलं. आदल्या संध्याकाळी दिलेला भाकरीचा तुकडा तसाच पडला होता, कडा वाळून वर वळलेल्या. गवताची टोपली भरलेली होती. आणि पिंजऱ्याची पत्र्याची तळपट्टी स्वच्छ होती. एरवी रोज सकाळी ती सुपलीभर लेंड्या काढायची, कुरकुरत काढायची, आणि आज काढायला एकही नव्हती. जनावरं पाळलेल्या घरातल्या बाईला काही गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत. जनावर बसलं, रवंथ थांबला, शेण पडेना, म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. पण ते बैलाचं. हाताच्या ओंजळीत मावणाऱ्या, शिंगं नसलेल्या, शेपूटही नसलेल्या या पाहुण्याचं काय करतात ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं त्याच्या पोटाखाली बोटं सरकवली. पोट ताणलेलं होतं, टिचकी मारली तर वाजेल असं, आणि बोट लागताच तो दात एकमेकांवर घासायला लागला. ते दुखण्याचं लक्षण होतं, हे तिला नंतर दवाखान्यात कळणार होतं. आत्ता तिला एवढंच कळलं की हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

पहिली भाकरी जनावराची, हे तिला रोडपालीत लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या सकाळी कळलं होतं. ओवे गावात, तिच्या माहेरीही बैल होते, पण तिथे उरलंसुरलं त्यांना जायचं. इथे सासरा काळूराम चुलीपासून दोन हातांवर उकिडवा बसायचा आणि तव्यावरची पहिली भाकरी फुगली की हात पुढे करायचा. सून नवी, भाकरी गरम, तिला वाटलं मामंजींना भूक लागली असेल, तिनं पितळीत वाढून वर सुकटीची चटणीसुद्धा ठेवली. काळूरामनं चटणी बाजूला काढली, भाकरी या हातातून त्या हातात उडवत निववली, आणि गोठ्यात जाऊन ढवळ्याच्या तोंडात दिली. "तो रातभर उभा हाय गो, आपुन झोपलेलो," एवढंच म्हणाला. पुढची बारा-तेरा वर्षं वेणूनं रोज पहिली भाकरी ढवळ्याची केली. तांदळाचं पीठ उकडून मळायचं, पाण्याच्या हातानं थापायचं, तव्यावर टाकताना एक हात पुढे जायचा तो जायचाच. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, बांध गेले, खाजणात भरावाचा मुरूम पडला, आणि नांगराला शेतच उरलं नाही, तेव्हा एके दिवशी ढवळ्याही खोपोलीकडच्या कोणाला दिला. दुसऱ्या सकाळी वेणूनं सवयीनं पहिली भाकरी काढली आणि काळूरामकडे बघितलं. तो उकिडवा बसलेलाच होता, हात मात्र त्यानं पुढे केला नाही. त्या दिवसापासून पहिली भाकरी वणवण फिरत राहिली. काही दिवस कौलांवर कावळ्यांना, मग गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिल्यावर गच्चीत, मग गेटपाशी बसणाऱ्या काळ्या कुत्रीला. पुढे सोसायटीनं गेटवर पाटी लावली, कुत्र्यांना खायला घालू नये. ज्या जमिनीत आपण भात लावला तिथे आपल्याला पाटी लावतात, म्हणून महादेव महिनाभर पेटलेला होता. वेणूनं पहिली भाकरी चळतीच्या तळाला ठेवायला सुरुवात केली, आणि रोज सकाळी तिचा हात मध्येच कुठेतरी अडखळल्यासारखा व्हायचा.

आणि मग बटाटा आला. पूर्वीला बारावीला मार्क चांगले मिळाले म्हणून तिच्या बापानं, हरेशनं, तो आणून दिला, आणि दोन महिन्यांत पूर्वी शिकायला पुण्याला गेली. जाताना तिनं आजीला बजावून सांगितलं होतं. "आजी, फक्त गवत. गवत कायम भरलेलं. थोडी कोथिंबीर, ढोबळी मिरचीची एक फोड. बाकी काही म्हणजे काही नाही. भाकरी अजिबात नाही." वेणूनं मान हलवली होती. पण मान हलवणं वेगळं आणि सकाळी तव्यासमोर उभं राहणं वेगळं. या घरात आता खाणारं माणूस राहिलं नव्हतं. महादेवाची साखर वाढलेली, तो नाचणीची अर्धी भाकरी कोर्टाचा हुकूम आल्यासारखी खायचा. हरेश डब्यातली पांढरी पावडर पाण्यात घुसळून प्यायचा आणि तेवढ्यावर जिममध्ये लोखंड उचलायचा. सून कीर्ती दुपारपर्यंत तोंडात काही घालायची नाही. ते व्रत होतं, पण त्याला देव नव्हता. ज्या बाईनं आयुष्यभर पाहुण्याच्या 'नको'वर पळी उलटी केली, हळदीच्या मांडवात पंगतीवर पंगती उठवल्या, तिच्या हाताला आता दिवसभर 'नको' ऐकायची सवय लागत चालली होती. अशा घरात एकच जीव फ्रीजच्या आवाजानं उठून ओरडत होता, दे, दे, दे. वेणूनं एका सकाळी पहिल्या भाकरीचा नखाएवढा तुकडा निववून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो तिच्या बोटांतून ओढून घेऊन असा मन लावून खाल्ला की तिला काळूरामची आठवण होऊन डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तुकडा थोडा मोठा होता.

महादेव टॉवेलनं डोकं पुसत आला तेव्हा वेणू मांडीवर बटाट्याला घेऊन बसली होती आणि सगळ्या घरात हिंगाचा वास होता. "काय करतेस गो?"

"पोट धरलंय त्याचं. हिंग लावते."

महादेव खाली वाकला. आयुष्य शेवा बंदरात काढलेला माणूस, त्याला कुठल्याही गोष्टीकडे आधी लांबून बघायची सवय होती. "पोरांना लावतात तो हिंग. बेंबीपाशी."

"मना काय याची बेंबी सापडत नाय," वेणू म्हणाली. तिचा आवाज चिरकला, तसा महादेव हसता हसता थांबला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. ढवळ्याचं पोट एकदा असंच फुगलं होतं, ओलं हिरवं खाऊन. काळूरामनं त्याला रस्त्यानं चालवलं होतं, पार तळ्यापर्यंत आणि परत, आणि बांबूच्या नळीनं गोडं तेल, हिंग, ओवा पाजला होता, महादेवानं शिंगं धरली होती आणि वेणूनं कंदील. दोघांनाही तेच आठवत होतं हे दोघांनाही कळलं. याला चालवायचं कुठे? हॉलमधून किचनपर्यंत? महादेवानं एक बोट पुढे करून बटाट्याच्या दोन कानांमधल्या भोवऱ्यावर ठेवलं. "चल, डॉक्टरकडं नेऊ," तो म्हणाला. "पोरगी काय म्हनंल नायतर." पोरगी काय म्हणेल, ते वेणू उठल्यापासून ऐकतच होती.

जुन्या पनवेलला जनावरांच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत रिक्षात ती खोक्याच्या भोकांमधून आत बघत राहिली. दिवाळी होऊन गेली होती, ऊन मऊ होतं, हायवेच्या पलीकडे डोंगर पिवळे पडायला लागले होते. खोक्यात तिनं आपलं जुनं सुती पातळ अंथरलं होतं. दवाखान्यात सगळे कुत्रेवाले, कोणाच्या मांडीवर केसाळ, कोणाच्या पायाशी जबडावाला, आणि मध्ये ही दोघं म्हातारी, हिंगाच्या वासाचं खोकं घेऊन. डॉक्टर रुचिरा म्हणून एक तरुण मुलगी होती. तिनं बटाट्याला आधी काट्यावर ठेवला आणि आकडा बघून भुवया वर केल्या, मग तोंडात छोटा दिवा घालून दात बघितले, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. वेणू तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. पोटातलं ऐकायला तिचा चेहरा एवढा गंभीर कशाला व्हायला हवा होता, ते तिला आवडलं नाही.

"हिंग लावलाय?" डॉक्टरनं वास घेत विचारलं.

"हो."

"चालेल. चाटू देऊ नका फक्त. काय काय खायला देता याला?"

"गवत," वेणू म्हणाली. "कोथिंबीर. मिरची, ती ढोबळी."

"आणि?"

महादेवानं छताकडे बघितलं. भिंतीवर कुत्र्याच्या हाडांचं चित्र होतं. वेणूला वाटलं, न सांगितलं तर कोणाला कळणार आहे. मग तिनं टेबलावरच्या बटाट्याकडे बघितलं. तो पोक काढून बसला होता आणि दात घासत होता. "भाकर," ती म्हणाली. "तांदळाची. रोज सकाळची. कवा कवा सांजची पन."

डॉक्टर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं की या प्राण्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि ते चालतं गवतातल्या चोथ्यावर. पिठाचं गेलं की आत गॅस होतो, गॅसनं दुखतं, दुखलं की तो खात नाही, आणि खाल्लं नाही की आतडं आणखी थंडावतं. "त्याला भूक नाहीये असं नाही, आजी. दुखतंय म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून दुखतंय." वजनही फार झालं होतं. वेणू पटकन म्हणाली की आजपासून त्याला उपाशी ठेवते, तर डॉक्टरनं मान हलवली. जाड जनावर एकदम उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर जातं. आधी तो खायला लागला पाहिजे. मग नुसतं गवत, पाहिजे तेवढं, आणि वजन आपोआप हळूहळू उतरू द्यायचं, रोज सकाळी काट्यावर ठेवून बघायचं. तिनं दुखणं थांबायला आणि आतडं हलायला औषधं दिली, सुईनं कातडीखाली पाणी भरलं, गवताच्या पिठाची पुडी आणि बिनसुईची सिरिंज दिली. "हे पाण्यात कालवून दर थोड्या वेळानं भरवायचं. आज आणि उद्या. खायला लागला तर लागला." पुढचं वाक्य तिनं उच्चारलं नाही. वेणूनं ते ऐकलं.

घरी येऊन तिनं डॉक्टरनं दिलेलं नवीन गवताचं पाकीट कात्रीनं कापलं. आधीचं गवत नात, पूर्वी, पुण्याहून ऑनलाइन मागवायची, आणि ते टोपलीत कोंबायचं काम कीर्तीचं. वेणूनं त्याला कधी नाक लावलं नव्हतं. आता तिनं पाकिटात हात घातला, मूठभर बाहेर काढलं आणि किचनच्या ओट्यापाशी तिचे पाय जागच्या जागी थांबले. हा वास तिला माहीत होता. कुठल्या परदेशातून आलेलं, प्लास्टिकमध्ये दाबलेलं, पण वास ओव्याच्या डोंगरउताराचा होता, दिवाळीनंतरचा, गवत कापून दोन उन्हं खाल्ल्यावरचा, किंचित गोड, किंचित चहाच्या भुकटीसारखा. त्या दिवसांत सगळं ओवे डोंगरावर असायचं. पुरुष विळ्यानं कापत वर चढायचे, बायका मागून भारे बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन खाली सडकेपर्यंत उतरायच्या. तिथे मुंबईच्या तबेल्यांचे ट्रक उभे असायचे. भारा डोक्यावर असला की डोळ्यांवर गवताची झालर यायची आणि पायाखालची पायवाट तेवढी दिसायची. मानेत गवताची कुसळं घुसून आग आग व्हायची. दुपारी तिची आई, ठमाबाई, करवंदीच्या जाळीच्या सावलीत फडकं सोडायची. भाकरी, भाजलेला जवळा, कांदा. कोणी कोणाला वाढत नव्हतं, कोणी आग्रह करत नव्हतं. सगळ्यांचे हात एकदम पुढे यायचे आणि फडकं क्षणात रिकामं व्हायचं, आणि आई त्या रिकाम्या फडक्याकडे बघून हसायची. वेणूला तेव्हा वाटायचं, आईला अन्न संपल्याचं हसू का येतं? भुकेचं सुख असतं, आणि ते बघणाऱ्याला खाणाऱ्यापेक्षा जास्त होतं, हे कळायला तिला पुढे पोरंबाळं व्हावी लागली. ओव्याचा तो उतार आता कोणा बिल्डरच्या भिंतीआड आहे, भिंतीवर झोपाळ्यावर बसलेल्या बाईचं चित्र आहे. गवत मात्र आलं, समुद्र ओलांडून, पाकिटातून, तिच्या ओट्यावर. तिनं मूठ नाकाशी धरून ठेवली, महादेवानं बघेपर्यंत.

दिवसभर ती सिरिंज घेऊन बसली. बटाट्याला सुती पातळात गुंडाळायचं, तोंड तेवढं बाहेर, जबड्याच्या बाजूनं नळीचं टोक सरकवायचं आणि थेंब थेंब सोडायचं, एकदम नाही, ठसका लागतो. तो तोंड फिरवायचा. हिरवा लगदा हनुवटीवरून गळून तिच्या मांडीवर पडायचा. ती पुसायची आणि पुन्हा भरवायची. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की तोंड फिरवणारं माणूस लाजतंय, एकदा आणखी म्हटलं की खाईल. आता मात्र या एवढ्याशा तोंडाचं फिरणं बघून तिला आईचं तोंड आठवत होतं. शेवटच्या आठवड्यात ठमाबाईनं खाणं बंद केलं होतं. वेणू रोडपालीहून रोज जायची, वाटीत पेज, चमचा घेऊन. एक घास आई, एकच. आईनं डोळे न उघडता मान भिंतीकडे वळवली होती, रागानं नाही, एखादं काम संपवून उठावं तशी. चमचा हवेत राहिला होता. पेजेवर साय धरली होती. वेणूनं ती वाटी किती वेळ धरली होती कोण जाणे, भावजयीनं येऊन हातातून काढून घेतली. त्या तोंडाचं कोणी काही करू शकत नव्हतं, हे तिला आज इतक्या वर्षांनी मान्य होतं. पण हे तोंड तिनं बंद केलं होतं. स्वतःच्या हातानं थापलेल्या, फुगलेल्या, निववून दिलेल्या भाकरीनं. प्रेमानं घातलेलं पोटात दगड होऊन बसतं, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पूर्वीनं सांगितलं होतं, आणि तिनं नातीच्या बोलण्याला मान हलवून आपलंच केलं होतं. तिनं बटाट्याच्या पोटावर बोटं फिरवली, हळू, बाळाच्या पोटावर फिरवतात तशी, गोल गोल. "खा रे राजा," ती म्हणाली. "मी नाय देत आता काय. तुजं तूच खा."

संध्याकाळी पूर्वीचा व्हिडिओ कॉल आला. रोज ती आधी बटाट्याला बघायची आणि मग आजीला. महादेव म्हणाला, "उद्या सांग गो. आज नको." वेणूनं फोन घेतला आणि पातळात गुंडाळलेला बटाटा दाखवला. पूर्वीचा चेहरा बदलला. वेणूनं सगळं सांगितलं, भाकरीसकट, मध्ये न थांबता, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. पलीकडे हॉस्टेलच्या गॅलरीत कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. पूर्वीनं डोळे पुसले आणि ती एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, आजी."

"हां बाय. सांगितलंस."

"मग?"

वेणूनं बटाट्याभोवतीचं पातळ सारखं केलं. ढवळ्या सांगायचा, की काळूरामचा पुढे झालेला हात, की फ्रीजच्या दारावरची ती शिट्टी? पूर्वीनं ढवळ्या बघितला नव्हता. तिच्या लेखी रोडपाली म्हणजे सेक्टर आणि तळ्याभोवतीचा जॉगिंग ट्रॅक. "तो एकटाच मागतो गो या घरात," वेणू म्हणाली. बोलून झाल्यावर तिला कळलं की हे एवढंच होतं.

पूर्वी फोनच्या आणखी जवळ आली. स्क्रीनमध्ये तिचं नाक महादेवासारखं दिसत होतं. "तू जेवलीस का आज?" तिनं विचारलं.

वेणूनं आठवून बघितलं. सकाळी चहा घेतला होता. तो पुरता प्यायली होती का, तेही आठवेना. भाकऱ्या थापायच्या राहिल्या होत्या, महादेवानं कालचा भात खाल्ला होता. पण खरं म्हणजे ती प्रश्नाकडेच बघत राहिली होती. हा प्रश्न ती जगाला विचारायची. तिला तो शेवटचा कोणी विचारला होता ते आठवायला तिला मागे, फार मागे, करवंदीच्या जाळीपर्यंत जावं लागत होतं. "जेवते," ती म्हणाली. त्या रात्री मात्र तिच्या घशाखाली काही उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पातळावर दोन लेंड्या पडल्या. लहान, वाकड्या, कोरड्या. वेणूनं महादेवाला हाक मारली, त्यानं चष्मा लावून त्या बघितल्या आणि म्हणाला, "हरेश झाला तवा पन तू एवढी हसली नव्हतीस." तरी तो स्वतःही जागचा हलला नाही, आणखी पडते का बघत बसला. संध्याकाळी बटाट्यानं लगद्याचा एक थेंब आपण होऊन चाटला. वेणूनं गवताची एक काडी त्याच्या ओठांशी धरली. त्यानं ती बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग काडी आत जायला लागली, थोडी थोडी, बारीक करकर आवाज करत, आणि वेणूचा श्वास त्या काडीबरोबर पुढे सरकत होता. काडी संपली. तिनं दुसरी दिली नाही, टोपली त्याच्या नाकापुढे सरकवून ठेवली आणि हात मागे घेतला. हात मागे घेणं तिला सगळ्यात अवघड गेलं.

तिसऱ्या सकाळी तिनं कीर्तीच्या किचनकाट्यावर, ज्यावर कीर्ती आपले बदाम मोजायची, बटाट्याला भांड्यात बसवून ठेवलं. आकडा कालच्यापेक्षा फार उतरला नव्हता, डॉक्टरला हवा होता तसाच. मग तिनं पीठ उकडलं, परातीत मळलं, पाण्याच्या हातानं थापलं. दोन दिवसांनी तवा तापला होता. पहिली भाकरी पडली, कडेनं सुटली, उलटली, आणि विस्तवावर टम्म फुगली. कोथिंबीर काढायला तिनं फ्रीज उघडला, आणि हॉलच्या कोपऱ्यातून शिट्टी आली. आधी घोगरी, अडखळत, मग पूर्ण ताकदीनं, सगळी बिल्डिंग उठेल अशी. वेणूनं डोळे मिटले. पाय आपोआप निघाले. हॉलमध्ये पोचल्यावर तिला कळलं की तिच्या एका हातात कोथिंबीर आहे आणि दुसऱ्या हातात, या हातातून त्या हातात उडवत आणावी तशी, पहिली भाकरी आहे.

बटाटा गजांवर पाय टेकून उभा होता. त्याचं नाक भाकरीच्या दिशेनं हलत होतं आणि तो किंचाळत होता, दे, दे, दे. त्याला काही कळलेलं नव्हतं, त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. वेणूच्या बोटांनी सवयीनं नखाएवढा तुकडा तोडलाही. वाफ निघाली. जरासा, तिच्या आतलं कोणीतरी म्हणालं, एवढ्याशानं काय होतंय, बघ कसा मागतोय. ते कोणीतरी म्हणजे काळूराम नव्हता, आई नव्हती, ती स्वतःच होती. ती खाली बसली. कोथिंबिरीच्या दोन काड्या तिनं आत सरकवल्या, गवताची टोपली हलवून सैल केली, तो वास पुन्हा वर आला, ओव्याचा. बटाटा थोडा वेळ आणखी ओरडला, मग चिडून त्यानं गवतात तोंड खुपसलं आणि करकर सुरू झाली. तुकडा तिच्या बोटांत होता. बोटं भाजत होती. घरात कावळा नव्हता, कुत्री नव्हती, चळतीला तळ अजून पडायचा होता. वेणूनं तुकडा तोंडात घातला. मग दुसरा तोडला. भाकरी गरम होती, मऊ होती, तांदळाची चव जिभेवर उतरत होती, आणि तिला कळेना की आपण एवढी वर्षं थापलेल्या भाकरीची चव अशी असते हे आपल्याला माहीत कसं नव्हतं. तिला भूक लागली होती. भयंकर लागली होती, डोंगर उतरून आल्यावर लागायची तशी. ती पिंजऱ्याला टेकून, मांडीवर भाकरी घेऊन, तोडत राहिली. गजांच्या दोन्ही बाजूंना चावण्याचा आवाज येत होता.

महादेव बाहेर आला. त्यानं आधी किचनमध्ये बघितलं. तवा रिकामा धुमसत होता. मग हॉलमध्ये, जमिनीवर बसलेल्या बायकोकडे आणि तिच्यामागे गवत ओढणाऱ्या बटाट्याकडे त्यानं आळीपाळीनं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"वेणू," तो म्हणाला, "पहिली भाकर कोनाला दिलीस?"

तिच्या तोंडात घास होता, म्हणून तिला लगेच बोलता आलं नाही.